पायाखालची थरथर

मैत्रिणींनो, घरात नवी मोटार घ्यायचं ठरलं, की आपल्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'रंग कोणता घ्यायचा?' आपणही हौसेने सांगतो. पांढरा नको, मळतो. काळा नको, तापतो. त्यापुढची सगळी बोलणी पुरुषमंडळींची. इंजिन केवढं, लिटरला किती जाते, हप्ता किती बसेल! त्या बोलण्यात मधूनच दोन शब्द येऊन जातात: एबीएस आणि ईएससी. या दुसऱ्याला कोणी ईएसपीही म्हणतं. माहितीपत्रकावर ते छापलेले असतात, विकणारा मुलगा भराभर वाचून दाखवतो, आपण मान डोलावतो, आणि चहा येतो.

वास्तविक या दोन गोष्टींचा आपल्याशी संबंध रंगापेक्षा कितीतरी अधिक. मुलांना शाळेत सोडायचं, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, दळण आणायचं, अशा वेळी आताशा पुष्कळ घरांत चाकावर आपलाच हात असतो. आणि मागच्या सीटवर आपलीच माणसं असतात.

तुम्ही म्हणाल, यंत्राच्या भानगडी आपल्याला कशाला? पण बघा हं, कुकरच्या शिट्टीच्या नुसत्या आवाजावरून आत पाणी किती उरलं हे आपण सांगतो. मिक्सरचा सूर बदलला, की भांडं नीट बसलं नाही हे पाठमोऱ्या असूनही कळतं. यंत्राचं बोलणं समजणं आपल्याला अवघड नाही. मोटारीच्या बाबतीत ते कोणी समजावून देत नाही, एवढंच. आणि न समजावल्याने काय होतं, ते आमच्या शेजारी घडलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही मांजरीला राहतो. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने हडपसर सोडलं की आमचा फाटा. गाव मुळा-मुठेच्या काठचं. इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि अजून शिल्लक असलेली उसाची शेतंही आहेत. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. सोसायट्या झाल्या, इमारती उठल्या, पण रस्त्यावर अजून सगळेच भेटतात: ऑफिसला धावणारी मोटार, भाजीचा टेम्पो, म्हशी, शाळेची बस, आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर. पावसाळ्यात त्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेली शेतातली काळी माती डांबरावर उतरते. त्यात पहिला पाऊस पडला, की महिनोन्‌महिने रस्त्यात मुरलेलं तेल आणि धूळ वर येते. रस्ता दिसतो ओला, पण असतो साबणाचा!

अशाच एका जूनमधल्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी मुलीला शिकवणीहून घेऊन येत होत्या. पुढे दिव्याविना उभी असलेली ट्रॉली त्यांना उशिरा दिसली. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. आणि त्याच क्षणी पायाखाली घरघर झाली, ब्रेकचं पेडल थरथरू लागलं, जणू कोणी खालून पावलाला ठोसे मारतंय. वहिनींना वाटलं, ब्रेक तुटला! त्यांनी दचकून पाय उचलला. पुन्हा दाबेपर्यंत गाडीचं नाक ट्रॉलीला लागलं होतं. पट्टा बांधलेला होता म्हणून दोघी सुखरूप. फक्त बॉनेट चेपलं.

घरी कोणी रागावलं नाही. पण गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवरून कपाटात गेली. 'तू आपली रिक्षानेच जात जा,' असं प्रेमानेच सांगितलं गेलं, आणि वहिनींनीही ते ऐकलं. 'ताई, माझा पायच थरथरला हो, मला नाही जमायचं,' त्या मला म्हणाल्या. तीन महिने त्यांनी गाडीला हात लावला नाही.

पाय थरथरला नव्हता, मैत्रिणींनो. ब्रेकही तुटला नव्हता. ब्रेक आपलं काम चोख करत होता, आणि ती थरथर म्हणजे त्या कामाची पावती होती. हे एका वाक्यात सांगणारं माहितीपुस्तक त्यांच्याच गाडीच्या पुढच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, विकत घेतलं त्या दिवसासारखं कोरं पडून होतं.

आता हे काम नेमकं काय ते बघू या.

मोरीतल्या ओल्या फरशीवर आपण कशा चालतो? पाऊल टेकवत, उचलत. जोवर पाऊल टेकतं तोवर पकड असते. एकदा का पाऊल घसरायला लागलं, की मग थांबताही येत नाही आणि वळताही येत नाही. जिकडे अंग निघालं तिकडेच आपण जातो. मोटारीच्या चाकाचं असंच आहे. चाक फिरत असतं तेव्हा त्याचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर टेकून उचलला जातो, पावलासारखा. म्हणून त्याला पकड असते, आणि स्टीअरिंग वळवलं की गाडी वळते. पण घाबरून ब्रेक जोरात दाबला, की चाकं जागच्या जागी जाम होतात. गाडी मात्र आपल्या वेगाने पुढेच चाललेली असते. म्हणजे चाक फिरत नाही, घासतं. अशा वेळी स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरळ जाते. समोर ट्रॉली असेल तर ट्रॉलीवर.

पूर्वीचे मुरलेले ड्रायव्हर यावर एक युक्ती करत. ब्रेक दाबायचा, किंचित सोडायचा, पुन्हा दाबायचा. चाक जाम होतंय असं वाटलं की ढील द्यायची. अजूनही गाडी शिकवताना पुष्कळ वडीलधारी हेच सांगतात, 'एकदम दाबू नकोस, पंप कर.' एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत हा सल्ला आजही खरा आहे. पण जिवावर बेतलेल्या क्षणी इतकं भान कोणाला राहतं? आणि माणसाचा पाय सेकंदाला असा कितीदा हलणार? दोनदा, तीनदा?

एबीएस म्हणजे हीच युक्ती यंत्राकडे सोपवणं. नावाचा अर्थच 'चाक जाम होऊ न देणारा ब्रेक'. प्रत्येक चाकापाशी एक संवेदक बसवलेला असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते सतत मोजतो. ही माहिती एका छोट्या संगणकाकडे जाते. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं सारखी मंदावली तर ठीक. पण एखादं चाक एकदम, गाडीच्या मानाने फारच लवकर थांबू पाहतंय असं दिसलं, की संगणक ओळखतो, हे आता जाम होणार. लगेच तो त्या चाकाच्या ब्रेकमधल्या तेलाचा दाब कमी करतो. चाक पुन्हा फिरू लागलं, की दाब पुन्हा वाढवतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालतं. तेलाचा दाब असा वरखाली होतो, झडपा उघडतात, मिटतात, पंप चालतो, त्याचेच ठोके पेडलमधून आपल्या पावलाला जाणवतात, आणि घरघर ऐकू येते.

कुकरचंच उदाहरण घ्या ना. आत वाफेचा दाब मर्यादेपुढे गेला, की शिट्टी उचलली जाते, थोडी वाफ सोडली जाते, शिट्टी पुन्हा बसते. शिट्टी झाली म्हणून कुकर बिघडला असं आपण म्हणतो का? नवी नवरी पहिल्यांदा दचकते खरी, पण सासूबाई हसून सांगतात, 'अगं, व्हायचीच ती!' एबीएसच्या थरथरीबद्दल असं हसून सांगणारं कोणी वहिनींना भेटलं नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. गाडीला एबीएस असेल आणि एकाएकी थांबायची वेळ आली, तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. गिअरची गाडी असेल तर क्लचही दाबा. पायाखाली थरथर झाली तरी पाय उचलायचा नाही, पंप करायचा नाही. ते काम यंत्र करतंय. आणि ब्रेक दाबलेला असतानाच, बाजूला मोकळी जागा असेल तर तिकडे स्टीअरिंग वळवा. चाकं जाम झालेली नसल्यामुळे गाडी वळेल. एबीएसचा खरा उपयोग हाच. नजर मात्र ट्रॉलीवर खिळवू नका, ज्या मोकळ्या जागेतून निघायचं तिथे ठेवा. नजर जाते तिकडे हात जातात.

ही कल्पना मूळची विमानांची. विमान उतरताना चाकं जाम होऊन टायर फुटू नयेत म्हणून १९५०च्या दशकात असे ब्रेक विमानांना बसवले गेले. मोटारीसाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७८ साली बाजारात आणलं, तेही आधी मर्सिडीजच्या महागड्या गाडीत. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर ते तुमच्याकडे आहेच. त्याआधीची असेल तर एकदा खात्री करून घ्या, कारण ब्रेक कसा दाबायचा ते त्यावरच ठरतं.

आता दुसरा शब्द, ईएससी. हा एबीएसचाच धाकटा पण जास्त हुशार भाऊ. एबीएस ब्रेक दाबल्यावर जागं होतं. हा न बोलावताही येतो.

हे समजायला आमच्या मांजरीच्या शेतात चला. आमचे सासरे, आबा, सारी हयात शेतीत घालवलेले. बैलगाडी हाकली, पुढे ट्रॅक्टर चालवला. ईएससीचं काम मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, 'यात नवीन काय? हा तर आमचा कासरा!' आणि खरंच की हो. बैलगाडी डावीकडे वळवायची असेल, तर गाडीवान डाव्या बैलाचा कासरा ओढतो. तो बैल थबकतो, उजवा चालत राहतो, गाडी डावीकडे वळते. ट्रॅक्टरला तर मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, दोन पेडलं. शेताच्या कडेला जागा अपुरी असली, की चालवणारा एकाच बाजूचा ब्रेक दाबतो, ते चाक थांबतं, आणि ट्रॅक्टर त्या चाकाभोवती गर्रकन वळतो. रस्त्यावर आणताना मात्र दोन्ही पेडलं खिटीने एकत्र जोडायची असतात, नाहीतर वेगात एकच ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटायचा. आबा हे घरातल्या प्रत्येक मुलाला पढवत.

एका चाकाचा ब्रेक लावला, की वाहनाचं तोंड फिरतं. एवढं एकच तत्त्व ईएससी वापरतं. ज्या गोष्टीने ट्रॅक्टर उलटू शकतो, तिनेच मोटार सावरता येते, फक्त कोणत्या चाकाला, केव्हा आणि किती ब्रेक लावायचा हे क्षणात ठरवता आलं पाहिजे. ते माणसाला शक्य नाही. म्हणून तिथे संगणक.

तो काय करतो? स्टीअरिंगपाशी एक संवेदक असतो. तुम्हाला कुठे जायचंय, ते तो सांगतो. गाडीच्या पोटात दुसरा असतो. गाडी स्वतःभोवती भोवऱ्यासारखी किती फिरते आहे, ते तो सांगतो. या दोघांचा मेळ बसला, की संगणक गप्प. पण मेळ बसला नाही, म्हणजे तुम्ही सांगताय एक आणि गाडी करतेय भलतंच, असं झालं की तो लगेच मध्ये पडतो.

असं दोन तऱ्हांनी होतं. ओल्या वळणावर वेग जास्त झाला, की कधी पुढची चाकं घसरतात. तुम्ही उजवीकडे वळवताय, पण गाडीचं नाक वळत नाही, ती सरळ रस्त्याबाहेर निघते. अशा वेळी ईएससी वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक धरतं, म्हणजे उजवा कासरा ओढतं, आणि नाक वळणात येतं. कधी उलट होतं. एकाएकी कुत्रं आडवं आलं, आपण झटक्याने स्टीअरिंग फिरवलं, तर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं आणि ती गरकन फिरू लागते. तेव्हा ईएससी बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरून ते फिरणं थोपवतं. जोडीला इंजिनाचा जोरही कमी करतं. हे सगळं आपल्याला कळायच्या आत होऊन जातं. समोर पॅनेलवर एक पिवळा दिवा लुकलुकतो, गाडीच्या चित्राखाली दोन नागमोडी रेघा असलेला. तो लुकलुकला म्हणजे समजायचं, आत्ता आपली गाडी घसरत होती आणि कोणीतरी कासरा ओढला. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा, आणि पुढचं वळण जरा सबुरीने घ्यायचं.

ईएससी मोटारीत आलं १९९५ साली, पुन्हा बॉश आणि मर्सिडीज यांच्याकडूनच. पण त्याचं महत्त्व जगाला पटलं ते एका फजितीमुळे. १९९७ साली मर्सिडीजने ए-क्लास नावाची छोटी, उंच मोटार काढली. स्वीडनमध्ये जंगलातून मूस नावाचं सांबरासारखं पण त्याहून थोराड जनावर रस्त्यावर एकाएकी येतं, म्हणून तिथल्या एका मोटार मासिकाचे पत्रकार नव्या गाड्यांची एक परीक्षा घेत: वेगात असताना एकदम बाजूला काढायची आणि लगेच परत आपल्या जागी आणायची. त्यात ही ए-क्लास चक्क उलटली! साऱ्या जगात बोभाटा झाला. कंपनीने काही काळ विक्री थांबवली आणि मग त्या गाडीला ईएससी सरसकट बसवलं. जे महागड्या गाडीचं भूषण होतं, ते त्या घटनेमुळे लहान गाडीत आलं. तिकडे मूस, आपल्याकडे म्हैस, परीक्षा तीच.

पुढे अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात २०१४ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणारी 'भारत एनसीएपी' ही योजना सुरू झाली. तिची प्रमाणपत्रं देणारी सीआयआरटी ही संस्था पुण्यातच, भोसरीला आहे. आणि कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय तर १९६६ पासूनची, मोटारींची कसोटी घेणारी. या योजनेत तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील, तर गाडीला ईएससी असावंच लागतं. पण एकाच नावाच्या गाडीच्या स्वस्त आणि महाग अशा प्रकारांत सोयी निरनिराळ्या असू शकतात. म्हणून दुकानात गेलात, की रंगाआधी हे विचारा: 'आम्ही घेतोय त्याच प्रकारात ईएससी आहे का? लेखी दाखवा.' छतावरची काच आणि मोठा टीव्हीसारखा पडदा यांच्यासाठी पैसे जास्त मोजायचे आणि हे सोडायचं, असा व्यवहार आपण भाजीबाजारात तरी करू का?

मात्र एक सांगते. ही यंत्रं म्हणजे काही मंतरलेला ताईत नव्हे. पकड रस्त्याची आणि टायरची. यंत्र फक्त असलेली पकड पुरवून वापरतं. नसलेली आणणार कुठून? हिशेब करून बघा. ताशी ३० किलोमीटरने गाडी एका सेकंदात सव्वाआठ मीटर जाते, म्हणजे आपली एक नऊवारी अंथरावी तेवढी. संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत हा एक सेकंद जातोच. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला साधारण पाच मीटर. एकूण झाले तेरा. आता वेग दुप्पट करा, ६०. त्या एका सेकंदात दोन नऊवारी संपल्या. आणि ब्रेकचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं, वीस मीटर. एकूण ३७ मीटर, साडेचार नऊवारी! रस्ता ओला असेल, तर पन्नासच्याही वर. एबीएस असो वा नसो, हे गणित चुकत नाही. उलट सुट्या खडीवर किंवा मातीवर एबीएसची गाडी थांबायला थोडं जास्तच अंतर घेऊ शकते, कारण जाम झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग साचवून थांबतं, आणि फिरणारं चाक तो साचू देत नाही. रस्त्याचं काम चाललेलं असेल तिथे म्हणून आधीच हळू व्हावं.

टायर गुळगुळीत झाले असतील तर हुशार संगणक तरी काय करणार? टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, की टायर बदलायचे, 'अजून एक पावसाळा जाईल' म्हणायचं नाही. ब्रेकचं तेलही विसरू नका. पावसाळ्यात डब्यातलं मीठ जसं ओलावा धरतं, तसं हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि कमजोर होतं. बहुतेक गाड्यांना ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, पुस्तकात बघावं.

आणि ते दिवे! किल्ली फिरवल्यावर पॅनेलवर एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो, ही त्याची हजेरी. विझला नाही, किंवा चालत्या गाडीत लागून राहिला, तर समजायचं की एबीएस बंद पडलं आहे. साधा ब्रेक चालतो, पण चाकं जाम होऊ शकतात. सावकाश चालवून गाडी गॅरेजमध्ये न्यायची. मात्र हँडब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी बाजूला घेऊन थांबवायची आणि मदत बोलवायची. नागमोडी रेघांच्या चित्राखाली 'ऑफ' लिहिलेलं एक बटण काही गाड्यांत असतं. गाडी चिखलात रुतली तर बाहेर काढण्यापुरतं ते कामाचं. एरवी मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नये.

ज्यांच्याकडे मोटार नाही, स्कूटरच आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. दुचाकीचं पुढचं चाक जाम झालं की आपण पडतोच, म्हणून तिथे हे ब्रेक आणखी मोलाचे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याहून लहान दुचाकींना एबीएस किंवा एकत्रित ब्रेक बंधनकारक झाला. आपल्या बायकांच्या बहुतेक स्कूटर लहान, त्यामुळे त्यांना हा एकत्रित ब्रेक असतो. त्यात सहसा डावा ब्रेक दाबला, की दोन्ही चाकांना लागतो. ही सोय चांगली, पण हे एबीएस नव्हे. चाक जाम होणं ती थांबवत नाही. ओल्या रस्त्यावर स्कूटर सरळ धरून, दोन्ही ब्रेक हळूहळू आवळत थांबावं. वळणात ब्रेक मारू नये, वळणाआधीच वेग उतरवावा.

आता वहिनींचं सांगायचं राहिलं. एका दुपारी आम्ही दोघींनी ते कोरं पुस्तक पिशवीतून काढलं आणि ब्रेकचं प्रकरण मोठ्याने वाचलं. 'ब्रेक जोरात दाबल्यास पेडल थरथरणे व आवाज होणे हे नेहमीचे आहे' अशा अर्थाचं वाक्य आलं, तशा वहिनी थांबल्या. पुन्हा वाचलं. मग कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. रविवारी सकाळी भाऊजींना शेजारी बसवून त्यांनी गाडी एका मोकळ्या मैदानात नेली. मागेपुढे कोणी नाही याची खात्री केली, ओल्या मातीवर ताशी तीसच्या वेगाने जाऊन ब्रेक पूर्ण दाबला, आणि थरथर झाली तरी पाय तसाच ठेवला. एकदा, दोनदा, पाचदा. पाचव्या वेळी थरथर चालू असतानाच स्टीअरिंग वळवून बघितलं. गाडी वळली! भाऊजी म्हणाले, 'मलाही कुठे माहीत होतं हे?' मग तेही बसले चाकावर.

मैत्रिणींनो, तुमच्या गाडीचं पुस्तकही बहुधा असंच खणात असेल. आज दुपारी कामं आटोपली की काढा. एबीएस आहे का, ईएससी आहे का, दिवे कोणते, तेवढी तीन-चार पानं वाचा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः नुकतंच लायसन्स मिळालेल्या मुलामुलींना, ती वाचून दाखवा. आणि पावसाळ्याआधी एका रविवारी मोकळ्या जागी जाऊन ती थरथर पावलाला एकदा ओळखीची करून घ्या. खरी वेळ येईल तेव्हा पाय जागचा हलणार नाही.